खारूच्या नावाची चिकटपट्टी

मुलांनो, कल्पना करा की तुमच्यासमोर एक खेळाचं यंत्र आहे. पलंगाएवढं लांब आणि तुमच्या आजोबांच्या वयाचं. तिरक्या काचेखाली पोलादी गोळी धावते, ठोकर खाते, घंट्या वाजतात, दिवे लागतात. याला म्हणतात पिनबॉल. आता त्याचं मागचं दार उघडा. आत वायरींचं जंजाळ, एक सर्किट बोर्ड, आणि बोर्डाच्या पिनांवर बसवलेला एक पांढरा प्लग, जळून तपकिरी झालेला. वास आला? तोच वास दोन दिवस खारूच्या नाकात बसला होता.

खारू अकरा वर्षांची. हात सतत काहीतरी उकरत असायचे, म्हणून घरात ती खारूच. तिची आत्या असली जुनी यंत्रं दुरुस्त करायची. आत्याच्या कामाची एक रीत होती. ज्याने वायरींचा जोड दुरुस्त केला, त्याने शेजारी कागदी चिकटपट्टी लावून आपलं नाव लिहायचं. नाव लिहिलेला जोड पुन्हा कोणी तपासायचा नाही, आत्यासुद्धा नाही.

परवा आत्याने पहिल्यांदाच एक जोड खारूवर सोपवला.

"प्लग नवा घातलास, की बोर्डावरच्या पिनाही नव्याच घालायच्या," तिने बजावलं. "एक बाजू जळकी राहिली, तर ती दुसरीलाही जाळते."

खारूने नऊ वायरींची काळी टोकं कापली, नवी टोकं बसवली. ते छान जमलं. मग बोर्डावरची पहिली जुनी पीन काढण्यासाठी तिने तिला चिकटवून ठेवणारं सोल्डर, म्हणजे डाक, वितळवलं, तर खालची वीज वाहून नेणारी तांब्याची रेघच बोर्डावरून उचलली जाऊ लागली! बोर्ड फुकट गेला तर? तिने हात आखडता घेतला. जुन्याच पिना पॉलिशपेपरने चकचकीत घासल्या आणि वर नवा प्लग दाबून बसवला.

"झालं?" आत्याने विचारलं.

"झालं."

खारूने पट्टीवर नाव लिहिलं. आत्या हसली. "चला, आता दुकान तू सांभाळ. मी झोपा काढते."

आज यंत्र न्यायला ट्रक आला होता. रुग्णालयात, लहान मुलांच्या खोलीत ते ठेवायचं होतं. आत्याने शेवटचं म्हणून अर्धा तास चालवून पाहिलं, मग भिंतीतली वायर काढली आणि यंत्राचे पुढचे पाय सोडवायला वाकली. मागचं दार उघडंच होतं. खारूने हळूच आत हात घालून आपला प्लग चाचपला.

चटका! तिने बोट झटकन मागे घेतलं. प्लग फार तर कोमट असायला हवा होता. हा तर मऊ पडला होता, आणि तोच वास येत होता.

"काय गं, भूत पाहिल्यासारखी का उभी?" आत्या म्हणाली.

"काही नाही."

आत्याने दार लावलं, कुलूप फिरवलं आणि किल्ली खिशात टाकली. कुलपाचा खट् आवाज खारूच्या छातीत घुमला.

"आमचा भाचा त्याच रुग्णालयात आहे," ट्रकवाले काका ट्रकवर चढवलेल्या यंत्राचे पट्टे आवळत म्हणाले. "दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. यंत्र ठेवायच्या जागेला चिकटूनच पलंग लावून घेतलाय पठ्ठ्याने! पहिला डाव त्याचाच."

दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. खारूच्या डोळ्यांसमोर धूर उभा राहिला. लाकडी पेटी, तिला लागून पलंग, पलंगावर धावता न येणारा मुलगा. सांगितलं तर आत्या पुन्हा कधी हत्याराला हात लावू देणार नाही. नाही सांगितलं तर... पुढचं तिला मनातसुद्धा म्हणवेना.

काका चालकाच्या जागेवर चढले. इंजिन घरघरलं. आत्या हात हलवू लागली. "सावकाश न्या हो, म्हातारं आहे ते!"

ट्रक हलला, तशी खारू सुसाट धावली आणि दोन्ही हात पसरून त्याच्या समोर उभी राहिली.

"थांबा! काका, थांबवा!"

करकचून ब्रेक लागला.

"अगं, जीव द्यायचाय का?" काका ओरडले. आत्या पांढरीफटक पडून धावत आली.

खारूने आत्याच्या खिशातून किल्ली काढून घेतली, ट्रकवर चढली, यंत्राचं मागचं दार उघडलं आणि आपल्या नावाची पट्टी टरकन ओढून काढली. मग ती पट्टी आणि ते लाल झालेलं बोट, दोन्ही आत्यापुढे धरून म्हणाली, "पिना जुन्याच आहेत, आत्या."