ऊब जाते, दार लाव

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. बांधून झाल्यावर त्यात राहायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही.

सुताराने घर घेतलं तेव्हा भिंती होत्या, छत होतं, पण आतल्या एकाही खोलीला दार नव्हतं. लोकांची दारं बसवणाऱ्याच्या घरात दार नाही, म्हणजे दिव्याखाली अंधार, अशी त्याची बायको चेष्टा करायची. त्याने ती मनाला लावून घेतली. हिवाळा तोंडावर आला तसा त्याने चंगच बांधला. कारखान्यातून यायचं, चार घास पोटात ढकलायचे आणि रंधा हातात घ्यायचा.

तिलाही मान वर करायला फुरसत नव्हती. ती घरी शिवणकाम करायची आणि थंडी म्हणजे तिचा हंगाम. कोटांच्या चेन बदला, अस्तरं लावा, कुणाच्या बाह्या आखूड करा. आधीच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात मशीन, पलंग आणि शेगडी हाताच्या अंतरावर होती. भांडण झालं तर रुसून जायलाही जागा नव्हती. चार वर्षांची ठकू मधे बसून निकाल द्यायची आणि तो बहुधा बापाच्या विरुद्ध जायचा. जागा पुरत नाही म्हणून तिथे बायकोच रोज कुरकुरायची. आता ऐसपैस घर मिळालं होतं आणि तिला त्या कोंदट खोलीची आठवण येत होती. सांगणार कुणाला? ऐकणारा म्हणाला असता, बाईचं सुख दुखतंय.

दारं मात्र देखणी झाली. कडेने रबरी पट्टी, फट नावाला नाही. पहिलं दार लागलं तेव्हा त्याने तिला आत बसवलं आणि बाहेरून ओरडला. मग दार उघडून विचारलं, "ऐकू आलं?"

"नाही."

तो इतका खूश झाला की तिला हसावंच लागलं. आता माझ्या करवतीचा तुला त्रास नाही आणि तुझ्या मशीनने ठकूची झोप मोडणार नाही, असं तो म्हणाला. मनापासून म्हणाला, हीच तर पंचाईत होती. घरात एकच नियम झाला: ऊब जाते, दार लाव. ठकूला तो पाठ होता. ती बाहुलीलाही तोच शिकवायची.

सुरुवातीला बायको मशीनवरून त्याला हाका मारायची. चहा घेतोस का, हा रंग बघ. उत्तर यायचं नाही. उठून दोन दारं उघडून जावं, तर तो तोंडात खिळे धरून मान हलवायचा. मग तिने ते सोडून दिलं.

एका संध्याकाळी ती पाण्यासाठी स्वयंपाकघरात आली. तो फळी बसवत होता.

"ठकू काय करतेय?" त्याने विचारलं.

"तुझ्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे? मला वाटलं तुझ्याजवळ."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. बाहेरच्या दाराला कडी लावलेली नव्हती. दोघं तशीच रस्त्यावर धावली, ती चपलेशिवाय. कोपऱ्यापर्यंत गेली, नावाने ओरडली, दुकानदाराला विचारलं. सुतार बॅटरी घ्यायला घरात परतला आणि मागच्या रिकाम्या खोलीच्या बंद दारापाशी थबकला. त्या दाराला त्याने आदल्या रात्री बाहेरून मूठ लावली होती. आतली लावायची राहिली होती.

त्याची हाक ऐकून ती धावत आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ठकू फळ्यांच्या ढिगावर पाय फ्रॉकमध्ये घेऊन बसली होती. खोली गारठली होती. ती रडत नव्हती.

"मी दार लावलं," ती म्हणाली. "ऊब जाते ना."

"अगं, हाक का नाही मारलीस?" बापाने तिला उचलून घेतलं.

"मारली. खूप मारली. मग नाही मारली. कुणी येतच नाही."

आईचा जीव भांड्यात पडता पडता राहिला. "माझंही तसंच झालंय," ती त्याला म्हणाली.

"काय झालंय?"

"मी पण हाका मारायचं सोडलंय. मला या घरात फार एकटं वाटतं."

"अगं, हे सगळं मी तुमच्यासाठीच..." तो मधेच थांबला.

"माहीत आहे मला."

त्या संध्याकाळी त्याने हत्यारं आवरून ठेवली. तो तिच्या मशीनशेजारी येऊन जमिनीवर बसला. ठकू त्याच्या मांडीवर झोपली. दारं सगळी सताड उघडी होती आणि घर गार पडत चाललं होतं. उघड्या दारांतून त्याला स्वयंपाकघर दिसत होतं. मग त्याने घसा साफ केला.

"स्वयंपाकघरातली फळी जरा वर घेऊ का?"

"घे," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी बोल ना."

"काय बोलू?" त्याने अगदी खरंच विचारलं.

ती सांगायला गेली आणि तिलाही काही सुचेना.