टर्कीच्या पोटातला आवाज

वाघ मी दोनदा पाहिला. एकदा यावलच्या रानात, आणि एकदा सासरवाडीला, मेहुण्याच्या लग्नात सासऱ्यांचा फेटा माझ्या हातून विहिरीत पडला तेव्हा. दोन्ही वेळा जागचा हललो नाही. जन्मात पळालो तो एकदाच, आणि तेही एका मेलेल्या, सोललेल्या, मसाला लावलेल्या पाखरापुढून. आमच्या असोदा गावात कोणालाही विचारा. नाही विचारलंत तर उत्तमच.

आमच्या शेजारच्या चुडामणआबांचा कुंदन स्वयंपाकी आहे. गोव्याच्या हॉटेलात शिकून आला. इकडे बायको दिपमाला, तिला सातवा महिना, म्हणून त्याला आता घराजवळ काम हवं होतं. धुळ्याला तोतारामशेठचं मंगल कार्यालय आहे, तिथली मुख्य स्वयंपाक्याची जागा रिकामी झाली होती. शेठनी निरोप धाडला: शेवभाजी सगळेच करतात. धुळ्यात कोणी पाहिलं नसेल असं काही खाऊ घाल. जमलं तर भटारखाना तुझा. नाही जमलं तर गोवा आहेच.

कुंदनने टर्की आणला. पाचोऱ्याकडे एकजण पाळतो. पाखरू कसलं, शेळीचं करडूच! सोलल्यावरसुद्धा एकाने उचलायचं आणि दुसऱ्याने "हळू रे भो" म्हणायचं, असा ऐवज. पोटात सारण भरून तो आख्खा भाजायचा असा बेत. सारण मात्र आपलं: कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारी-उडदाचं, त्यात हिरवा लसूण, शेंगदाणे, काळा मसाला आणि चिमूटभर खायचा सोडा. चुडामणआबांना ती चिमूट पुरेशी वाटली नाही. त्यांनी आपली टाकली. जन्मभर केळीचे घड उचललेल्या हाताची चिमूट ती. वाटीभर तरी असेल.

मळ्यात, विहिरीजवळ सगळी मांडामांड झाली. पण भरायचं कसं? हात घातला तर मनगटाला अडकतो. पळी वाकली. कुंदनने मोबाइलवरून एक यंत्र मागवलं होतं, खास पाखराचं पोट भरायचं, पिस्तुलासारखं. चाप ओढला, तर सारण पुढे जायचं सोडून मागून निघालं आणि आबांच्या सदऱ्यावर बसलं.

"ही तं उलटी बंदूक हाये रे," आबा म्हणाले. "शत्रूले देऊन टाक."

शेवटी दिपमालाने माहेरचा कुरडयांचा सोऱ्या काढला. पितळी, लांबोडका, वरून दांडा फिरवायचा. आतली चकती काढली, तोंड टर्कीच्या मागच्या भोकाला लावलं, दांडा फिरवला. सारण सरसर आत! इतकं सोपं, की थांबावं असं कोणाला वाटेना. दांडा फिरतोय तोवर आम्ही आळीपाळीने फिरवत राहिलो. नंतर नंतर तर दोघांनी मिळून.

मग आबांनी केळीवाल्याचं शहाणपण लावलं. "केयी पिकवायची खोली कशी बंद करता? हवा निंघाली का माल कच्चा." त्यांनी पोती शिवायचं दाभण घेतलं, सुतळी घेतली आणि पुढचं-मागचं अशी दोन्ही तोंडं शिवून टाकली. वरून कणकेचा जाड लेप. "आता मुंगीले बी बाहेर येता येनार नाही."

पाखरू लोखंडी पिंपात जाळीवर ठेवलं, वर पत्र्याचं झाकण, झाकणावर दगड, खाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ.

तोतारामशेठ आले. वय सत्तरीपुढे, अंगाने टर्कीहून भारी, कानात ऐकायचं यंत्र. जन्मभर वरातींचे बॅन्ड ऐकलेला माणूस. मळ्यात शांतता दिसताच त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं. थंडी होती. त्यांनी खुर्ची ओढली, थेट पिंपाला पाठ लावून बसले, पाठीला धग मिळाली तशी मान खाली घालून झोपले.

आणि पिंपातून आवाज आला.

ऊंऊंऽऽ.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दिपमाला म्हणाली, "विहिरीची मोटर असंन."

मोटर बंद होती.

ऊंऊंऽऽऽ. आता खालच्या पट्टीत, पोटातून कण्हल्यासारखं. आणि झाकण हललं. वर गेलं, खाली आलं. वर गेलं, खाली आलं. आत कोणी झोपलं असावं आणि त्याला जाग येत असावी, तसं. मी कुंदनला म्हणालो, "तू त्याले मारलं होतं ना नक्की?"

"नाना, मी त्याचं मुंडकं गाडलं हाये," कुंदन म्हणाला, आणि त्याचा आवाज पोरीसारखा बारीक निघाला.

दगड घसरून पडला. झाकण एका बाजूने उचललं गेलं आणि फटीतून पाखराचं पोट दिसलं. भरताना कलिंगडाएवढं होतं. आता त्याने पिंपाचं तोंड भरलं होतं. कातडी ताणून तांबडी, चकचकीत, सुतळीचा एकेक टाका टणटण वाजत होता. तेव्हा कळलं: आत सोडा फुगतोय, वाफ कोंडलीय, आणि जायला वाट आम्हीच ठेवलेली नाही.

आबा म्हणाले, "फुटनार." एवढं बोलून ते केळीच्या बागेत घुसले. त्यांच्यामागे मी. मी पुढे होतो असं दिपमाला सांगते, पण तिचं तोंड तेव्हा दुसरीकडे होतं. ती पोट सांभाळत विहिरीच्या कठड्यामागे बसली होती.

राहिले तोतारामशेठ. फुटलं तर पत्र्याचं झाकण पहिलं त्यांच्याच मानेवर जाणार. कुंदन वाकून वाकून गेला, खांदा हलवला. शेठनी डोळे न उघडता काठी फिरवली. "व्हयी गयं का उठाड!" त्यांच्या अहिराणीत, झालं की उठव.

कुंदन रांगत परत आला. "नोकरी नको, काहीच नको. पन मानूस मरंन हो नाना."

"मंग जाळ वढून घे खालून," आबा केळीतून ओरडले.

"तुम्ही या ना वढाले!"

आबा काही आले नाहीत.

दिपमालाने घड कापायचा कोयता बांबूला बांधून दिला. गाठ तीनदा सुटली. "लांबून टोचा," ती म्हणाली. "आन् टोचलं का जमिनीवर पडा. माह्याकडं पाहू नका, पाखराकडं पाहा." कुंदनने ओलं पोतं डोक्यावर घेतलं. एक पाऊल टाकायचा, थांबायचा. पाखरू कण्हलं की तोही कण्हायचा. कोण कोणाला साथ देतंय, कळेना. माझ्या शेजारी आबा देवांची नावं घेत होते. गावातले संपल्यावर ते भुसावळचे घेऊ लागले.

कुंदनने टोचलं.

काहीच नाही. भोकात शेंगदाणा अडकला होता.

पोट अजून वर आलं. एक टाका तुटला, सुतळी सणसणत शेठच्या टोपीवरून गेली. कुंदनने डोळे मिटले आणि दुसऱ्यांदा टोचलं.

मग जी शिटी झाली! असोदा स्टेशनाचं गाव नाही, तरी माणसं पिशव्या घेऊन निघाली. तिकडे बोदवड स्टेशनात गार्डाने हिरवी झेंडी दाखवली म्हणतात. शिटीमागून सारण आलं, भोकातून, अंगठ्याएवढी जाड दोरी, अखंड, वाफाळती. आकाशात गेली, वळली, आणि वेटोळी घालत शेठच्या टोपीवर, खांद्यांवर, मांडीवर पडू लागली. पाखरू हळूहळू बसत गेलं आणि शेठ हळूहळू दिसेनासे झाले.

कुंदन पालथा पडून होता. "मेले का?" त्याने मातीतच विचारलं.

वेटोळ्यांतून एक हात बाहेर आला. खांद्यावरचा तुकडा मोडला, आत गेला. चावल्याचा आवाज. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. शेठनी तोंड मोकळं केलं, खिशातून यंत्र काढून कानात घातलं.

"हाई कशामाईन काढं रे?"

कुंदनने कोयत्याने पाखराकडे दाखवलं.

शेठनी पाहिलं. मग म्हणाले, "भटारखाना तुना. पन हाई मांगे, भटारखानामा नई करानं. मंडपमा करानं. लोके ताटल्या लिसन उभा राहतीन, बठ्ठा देखतीन. आजकाल लोकेसले समोर काढेल लागस."

दिपमाला रडायला लागली. आनंदाने, असं शेठना वाटलं.

कुंदन आता धुळ्याला असतो, शनिवारी घरी येतो. त्या हॉलमध्ये लग्न असलं की मंडपात पिंप मांडतात, भोवती दोरी बांधतात, दोरीमागे पोरंटोरं, वरमाया, मोबाइल वर धरलेले. सगळे हसत असतात. पोतं पांघरलेला, हातात बांबू धरलेला एकटा कुंदन तेवढा कान देऊन उभा असतो. कण्हणं सुरू झालं की तोही कण्हतो. मागच्या आठवड्यात बराच वेळ झाला तरी आतून काही आवाजच आला नाही. पाखरू कण्हलं नाही, तर कधी फुटणार हे कळणार कसं? लोक ओरडू लागले, "काय झालं, बघा ना झाकण उघडून!"

कुंदनने बांबू घट्ट धरला आणि झाकणाकडे पहिलं पाऊल टाकलं.