तिसऱ्या धुण्याचं पाणी

माझे सासरे चाळीस वर्षं गवंडी होते. शहराचा कचरा जाळून उरलेली राख सिमेंटच्या भट्टीत घालायची, हे माझं काम त्यांना काही केल्या पटत नव्हतं. "एवढी शिकलीस आणि शेवटी कचराच उपसतेस," हे ते मला रोज चहाबरोबर ऐकवत.

राख आधी तीनदा धुवावी लागते. तिच्यातलं मीठ राहिलं तर ते भट्टीत चिकटतं आणि भट्टी तुंबते. एकदा तुंबलीही होती. "पुन्हा तुंबली तर राख बंद, आणि तुमची प्रयोगशाळाही बंद," असं कारखान्याच्या साहेबांनी मला सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

त्या दिवशी नेमका चष्मा घरी राहिला. तिसऱ्या धुण्याच्या पाण्याच्या बादलीत खारटपणा मोजायचा मीटर बुडवला, डोळे बारीक करून आकडा वाचला, झकास निघाला. डंपर भट्टीकडे सोडला. तेवढ्यात सासरे चष्मा घेऊन आले. तो माझ्या हातात देता देता त्यांनी बादलीत बोट बुडवलं आणि चाटलं. बांधकामाच्या पाण्याची परीक्षा त्यांनी जन्मभर अशीच घेतली होती.

"बाबा! विषारी आहे ते! थुंका आधी!"

"खारट आहे," ते थुंकत म्हणाले. "गाडी थांबव."

मी चष्मा लावला. सकाळी नळाच्या पाण्याचा आकडा बटण दाबून गोठवला होता, तोच मीटरवर दिमाखात उभा होता. मी धूम ठोकली आणि राख ओतायच्या बेतात असलेल्या डंपरला आडवी गेले.

साहेब लालबुंद होऊन आले. मी त्यांच्यासमोर नळीत ते पाणी घेतलं, औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. मीठच मीठ!

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"सासऱ्यांनी चाटून सांगितलं."

साहेब मटकन खुर्चीत बसले. राख पुन्हा धुवायला गेली, प्रयोगशाळा वाचली.

मी मात्र बाबांना घेऊन तडक डॉक्टरांकडे. वाटेत त्यांना चार वेळा चूळ भरायला लावली.

"काय खाल्लंत, आजोबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुनेच्या हातचं," बाबा म्हणाले. "मीठ तेवढं जरा जास्त पडलं होतं."