पाठीवरची सॅक

“तुमच्यातली एखादी धड उभी राहू शकत नसेल, तर मला उठवायचं. कितीही वाजलेले असोत. मी ओरडणार नाही, नुसती तिच्याजवळ बसेन.” सिन्योरा ओर्नेलांनी हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, फरसबीची देठं मोडता मोडता. फ्लॉरेन्समध्ये त्यांच्या घरी आम्ही दोघी अमेरिकन मुली सहा महिने शिकायला राहिलो होतो, मी आणि डेलिया. आम्ही माना डोलावल्या आणि खोलीत जाऊन हसलो. डेलियाने कमरेवर हात ठेवून त्यांची नक्कलही करून दाखवली. मला वाटलं, एकट्या बाईला काळजी करायला कुणीतरी लागतंच.

आमच्याकडे ओहायोत एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत आम्हाला दारू विकत मिळत नव्हती. म्हणून ती लपूनछपून, कुणी यायच्या आत घाईघाईने संपवायची सवय. फ्लॉरेन्समध्ये विसाव्या वर्षी कुणी वय विचारत नव्हतं, तरी घाई काही सुटली नाही. संध्याकाळी बारमध्ये तिथली मुलंमुली एक ग्लास पुढ्यात घेऊन, ऑलिव्ह आणि पावाचे तुकडे तोंडात टाकत दोन दोन तास बोलत बसायची. त्यांचा ग्लास अर्धा व्हायच्या आत आमचा तिसरा यायचा. सिन्योरा म्हणायच्या, तुम्ही पोरी वाइन पाण्यासारखी पिता, आणि पाणी मात्र पीत नाही.

नोव्हेंबरातला गुरुवार होता. त्या दिवशी मधली परीक्षा संपली. डेलिया सकाळपासून जेवली नव्हती. पोट भरलं की चढत नाही, असं तिचं शास्त्र होतं. संध्याकाळी सहाला आम्ही सान्ता क्रोचे चर्चजवळच्या बारमध्ये शिरलो. आमच्याच कॉलेजची दहाबारा जणं होती, आणि कुणीतरी कडक दारूच्या छोट्या ग्लासांची शर्यत लावली. डेलिया जिंकली. टाळ्या पडल्या, म्हणून तिने आणखी दोन घेतले. मी पुरे म्हटलं तर म्हणाली, “तू माझी आई आहेस का गं?” सगळे हसले. मीही हसले.

नऊच्या आधीच ती खुर्चीवरून घसरली. मी तिला खांद्याला धरून घरी आणलं. जिन्यात तिने माझी कॉलर पकडली.

“बाईंना सांगू नकोस हं. मला परत पाठवतील.”

ते खरं होतं. दारूवरून दुसरी तक्रार गेली की थेट घरी पाठवायचे, असा आमच्या अभ्यासक्रमाचा नियम होता, आणि तिच्या नावावर एक तक्रार आधीच होती. मी दार आवाज न करता उघडलं. सिन्योरांच्या दाराखालून उजेड येत होता, आत टीव्हीवर कुणी गात होतं. मी दोघींचे बूट हातात घेतले आणि तिला तिथून पुढे नेलं.

मग मी ते केलं, जे आमच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाला सगळेच एकमेकांकडून शिकतात. सॅकमध्ये कलेच्या इतिहासाची जाड पुस्तकं भरली, ती डेलियाच्या पाठीवर चढवली, पट्टे आवळले आणि तिला कुशीवर निजवलं. म्हणजे माणूस झोपेत उताणं होत नाही, उलटी झाली तरी घशात अडकत नाही. शेजारी बादली ठेवली. काम व्यवस्थित झाल्याचं समाधान वाटलं मला. आणि मी पुन्हा बाहेर पडले. बाकीचे चौकात थांबले होते, ती तर झोपलीच होती.

परतले तेव्हा दीड वाजला होता. दारातूनच ऐकलं, ती घोरत होती. मोठ्याने घोरायची, मध्येच थांबायची, मग पुन्हा. सकाळी हिला यावरून चिडवायचं, असं ठरवून मी दिवा न लावता पलंगावर पडले.

सकाळी खोलीत आवाज नव्हता. डेलिया मी ठेवली तशीच कुशीवर होती. सॅक जागची हललेली नव्हती. ओठ निळे होते आणि हात थंड.

माझं ओरडणं ऐकून सिन्योरा आल्या. त्यांनी तिच्या गळ्याला बोटं लावली, बराच वेळ काढली नाहीत. मग सॅकचे पट्टे एकेक करून सैल केले. माझ्याकडे न बघता विचारलं, किती वाजता आणलंस हिला. मी म्हटलं, सव्वानऊ.

“सव्वानऊला मी जागी होते,” त्या म्हणाल्या. “साडेअकरापर्यंत जागी होते मी.”

यापलीकडे त्या मला कधीच काही बोलल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, घशात काहीही अडकलेलं नव्हतं. झोपल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरत राहिली, श्वास मंद होत गेला आणि पहाटे कधीतरी थांबला. आदल्या रात्री दवाखान्यात आणली असती तर बहुधा वाचली असती. कुशीवर असण्याचा काही संबंधच नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिची आई आली. विमानतळावरून थेट आमच्या खोलीत. डेलियाच्या पलंगावर बसली आणि मला विचारलं, “तू होतीस ना तिच्याजवळ, सगळा वेळ?”

मी हो म्हटलं.

तिने मला मिठीत घेतलं. दर वर्षी डेलियाच्या वाढदिवसाला तिचं मला पत्र येतं. माझी पोर एकटी नव्हती, एवढ्यावर मी दिवस काढते, असं त्यात असतं. आता माझी स्वतःची मुलगी सात महिन्यांची आहे. यंदाचं पत्र मी अजून उघडलेलं नाही. खरं सांगायची हिंमत नाही, आणि त्या बाईचा तेवढा एक आधार काढून घ्यावा का, तेही मला ठरवता येत नाही.

तुम्हाला मात्र एक सांगते. आत्ता तुमच्या घरात, पलीकडच्या खोलीत कुणी पिऊन येऊन झोपलं असेल, भाऊ, मैत्रीण, मुलगा, कुणीही, तर हे वाचणं इथेच ठेवा आणि जा. घोरणं ऐकून दारातून मागे फिरू नका. दिवा लावा. खांदा धरून हलवा, नाव घेऊन हाक मारा. उत्तर आलं नाही, तर कोण रागावेल ते नंतर बघू. आधी रुग्णवाहिकेला फोन करा.