सवाष्णीचा हात

विनता रोज सकाळी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आली की आधी ओढणी काढून खुंटीला अडकवायची, केस टोपीत कोंबायची, पायांत जाड बूट चढवायची आणि मगच मशीनपुढं उभी राहायची. घड्याळ नाही, अंगठी नाही, बांगड्या नाहीत. बांगड्या उतरवायचं काम तर सासूबाईंनीच करून टाकलं होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा नवरा सुशांत गेला, तेव्हा दहाव्या दिवशी लतिकाबाईंनी थोरल्या सुनेचे हात स्वतः मोकळे केले आणि पुढच्याच महिन्यात तिला कारखान्यात धाडलं. मशीनचा प्रोग्राम लिहिणं सुशांतनंतर घरात तिलाच येत होतं. पॉलिटेक्निकची पदविका होती, डोकं होतं, आणि पगार मागायची सोय नव्हती. मूलबाळ नसलेली विधवा सून घरात बसून काय करणार, असं म्हणून सगळ्यांनी ते उपकारात जमा केलं.

सासरे अण्णा डबीर मोठे पुढारलेले गृहस्थ. संरक्षण कारखान्यातली नोकरी संपल्यावर त्यांनी हे शेड उभारलं. सरकारी कामं आटली, दूरच्या देशातल्या लढाईनं धातू महागला, आजूबाजूच्या चार शेडना कुलपं लागली. पण अण्णा डगमगले नाहीत. छपरावर सौर पट्ट्या बसवल्या, जुनी लेथ भंगारात घातली, संगणकावर चालणारी मशीन आणली, तयार तुकड्यातली खोट हेरणारा कॅमेरा लावला. फाटकावर पाटी रंगवली : ‘डबीर इंजिनिअरिंग – काळासोबत बदलणारं उद्योगघर’. कारखानदारांच्या सभेत त्यांना हटकून बोलवत, आणि तेही हटकून सांगत, “भाऊ, जग बदलून राहिलं आहे. जो जुनं धरून बसला, तो गेला.” टाळ्या पडत. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी चेरीताल भागातल्या त्यांच्या घरी जेवायला आलं असतं, तर त्याला दिसलं असतं की अण्णांची थोरली सून सणावारी स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत जेवते.

यंदा पुण्याच्या एका कंपनीचं मोठं काम हातातोंडाशी आलं होतं. विजेवर धावणाऱ्या बसगाड्यांचे भाग. त्यांचे परदेशी ग्राहक भलतेच चोखंदळ : वीज कुठली वापरता, पाणी किती सांडता, आणि कारखान्याच्या कारभारात बाई आहे का? शेवटचा प्रश्न विनतानं मनात दोनदा म्हणून पाहिला. चार वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं की आता आपलं नाव कुणीतरी उच्चारील.

जेवणाच्या टेबलाशी धाकटा दीर अनुपम म्हणाला, “अण्णा, खंडेनवमीलाच बोलावतो त्यांना. नव्या मशीनची पूजा, उद्घाटन, सब एक साथ. बाई संचालक म्हणून क्षमाचं नाव टाकलं आहे कागदावर.”

क्षमा म्हणजे त्याची बायको. लग्नाला दोन वर्षं झालेली, हसरी, बऱ्या स्वभावाची पोर. ती गोंधळून म्हणाली, “मी? मला तर मशीनचं काहीच येत नाही. ताई करून राहिल्या नं सगळं.”

“तुला काही करायचं नाही,” लतिकाबाई वरण वाढता वाढता म्हणाल्या. “सवाष्णीच्या हातानं कुंकू लागलं पाहिजे मशीनला, बस. इतकं मोठं काम येऊन राहिलं घरात. त्या दिवशी कुणाचं तोंड समोर यावं, हे का सांगावं लागते?”

अण्णांनी मान वर केली नाही. भाताचा घास मात्र नीट कालवला. विनता दारात ताकाचं भांडं घेऊन उभी होती, तिच्याकडं पाहून ते एवढंच बोलले, “विनता, तू येशील त्या दिवशी. मागं गोदामात बस. मशीन अडली तर लागशील.”

ती “बरं” म्हणाली. बरं म्हणायची सवय माणसाला फार लवकर लागते.

खंडेनवमीच्या सकाळी शेड फुलांनी भरलं. दाराशी रांगोळी, मशीनला केळीचे खुंट, पाटावर पाना, हातोडी आणि जुनी कानस पूजेला मांडलेली. विनतानं सवयीनं ओढणी मशीनजवळच्या खुंटीला अडकवली आणि गोदामात जाऊन बसली. गोदाम आणि शेड यांच्यामध्ये पत्र्याची भिंत होती, तिला एक दार. दारात लतिकाबाईंनी खुर्ची टाकली आणि आतल्या सुनेकडं पाठ करून बसल्या.

पुण्याहून यामिनी नावाच्या अधिकारी बाई आल्या होत्या. मोकळ्या केसांच्या, चटपटीत. बायकांना कामात स्थान मिळतं की नाही, हे तपासणं हेच त्यांचं काम. त्यांनी क्षमाला विचारलं, “प्रोग्रामिंग तुम्हीच बघता?”

क्षमा पैठणी नेसली होती. कोपरापर्यंत हिरवा चुडा, मनगटावर पूजेचा दोरा, खांद्यावर मोकळा सोडलेला पदर. तिनं एकदा पत्र्याच्या दाराकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं.

“हो,” ती म्हणाली.

आत पोत्यावर बसलेल्या विनताला ते स्पष्ट ऐकू आलं. तिला क्षमाचा राग आला नाही. आला तो स्वतःचा.

इतक्यात मागच्या दारानं फिटर मुरलीधर गोंद शोधत गोदामात आला. विनतानं सहज विचारलं, “क्या हुआ, भैया?”

“कुछ नहीं दीदी, हार चिपकाना है, फिसल रहा है. अनुपम भैया को दरवाज़ा खुला रखके मशीन घुमानी है, फोटो के लिए. वो लॉक में हमने दूसरी चाबी फँसा दी है.”

विनता ताडकन उठली. त्या मशीनला पुढं जाड काचेचं सरकतं दार होतं. दार उघडं असलं तर मशीन फिरायचीच नाही, असं कुलूप बनवणाऱ्यानंच बसवलेलं. कारण आतला पोलादी जबडा एकदा फिरू लागला की समोर आलेलं काही सोडत नाही. त्याच जबड्याला आता नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला झेंडूचा हार घातला होता. आणि तो फिरायचा होता विनताच्याच प्रोग्रामवर, रोजच्या कामाच्या वेगानं. मुरलीधर तोवर गोंद घेऊन निघून गेला होता, सासूबाईंच्या हुकुमाप्रमाणे मागच्या दाराला बाहेरून कडी घालून.

“आई, सरका थोडं. अनुपमला सांगून येते. मशीनचं कुलूप फसवलंय त्यांनी. हार गुंतेल, पदर गुंतेल. क्षमाला दूर उभं करा म्हणावं.”

लतिकाबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. “कुठं चालली तू? समोर पाहुणे आहेत.”

“मग तुम्ही सांगा. दोन शब्द सांगा फक्त.”

“मला काय कळते त्यातलं? आणि काहून अपशकुनी बोलून राहिली? शुभ कामाच्या वेळेला गुंतेल, पडेल, मरेल! चूप बस.”

विनतानं अनुपमला फोन लावला. पत्र्यापलीकडं त्याचा फोन वाजला आणि त्यानं तो कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. ती सासूच्या खुर्चीला वळसा घालून निघाली, तर लतिकाबाईंनी तिचं मनगट धरलं. उघडं मनगट, धरायला सोपं.

“आई, सोडा. हात जाईल तिचा!”

“आज जर तू पाऊल बाहेर टाकलं नं, तर या घरात पुन्हा टाकू नको.”

आता वाचणाऱ्यांनी मनाशी विचारावं, की अशा वेळी आपण काय केलं असतं. विनतानं काय केलं ते सांगणं भाग आहे : ती थांबली. घर नावाची गोष्ट तिला आणखी कुठं नव्हती. सिहोऱ्याला भाऊ होता, पण त्यानं बहिणीला दिवाळीला बोलावणंही सोडलं होतं. ती थांबली, आणि पत्र्याच्या फटीतून पाहत राहिली.

फोटोवाला ओरडला, “मॅडम, हाथ हार पे रखिए. स्माइल!”

क्षमानं कुंकवाचं बोट जबड्याला टेकवलं आणि हार सारखा करत कॅमेऱ्याकडं वळून हसली. कोणतं बटण दाबायचं हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ते अनुपमनं दाबलं.

झेंडूच्या पाकळ्या शेडभर उडाल्या. कुणीतरी हौसेनं टाळ्याही सुरू केल्या. मग चुडा फुटल्याचा आवाज आला, आणि मग क्षमाचा.

विनतानं मनगटाला हिसडा दिला. खुर्ची, सासू, रांगोळी, पाट, सगळं तुडवत ती धावली आणि लाल बटणावर तळहात मारला. ते बटण कुठं आहे हे तिथल्या माणसांपैकी दोघांनाच माहीत होतं. त्यातला मुरलीधर गोंदाची बाटली घेऊन थिजला होता. अनुपम हिरव्या बटणाशीच उभा होता. विनतानं क्षमाला धरलं, खुंटीवरची आपली ओढणी ओढली आणि तिच्या कोपराखाली करकचून बांधली. क्षमा पाहत होती, पण तिला काही दिसत नसावं. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “ताई, माझा हात निघत नाही. ताई, हात काढा नं.”

आणि तेवढ्यात लतिकाबाईंचा आवाज आला, अगदी स्वच्छ, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत : “आली ही! नको म्हणून राहिले तरी समोर आली! सावली पडली हो, माझ्या लेकाच्या संसारावर सावली पडली!”

वीस-पंचवीस माणसं उभी होती तिथं. आधी किंकाळी आली आणि मग विनता आली, हे प्रत्येकानं पाहिलं होतं. कुणीही तसं सांगितलं नाही. बायकांना न्याय मिळतो की नाही हे तपासायला आलेल्या यामिनीबाईंनी डोळ्यांवर रुमाल धरला आणि गाडीत जाऊन बसल्या.

क्षमाचा उजवा हात मनगटातून गेला.

ती दवाखान्यातून घरी आली तोवर चेरीतालच्या गल्लीत गोष्ट पक्की झाली होती : थोरलीनं मुद्दाम दृष्ट लावली. शेडमध्ये शांतीची पूजा झाली. मशीन धुतली. पुण्याहून निरोप आला की घडलं ते दुःखद आहे, कामगारांना सुरक्षेचं शिक्षण द्यावं, नमुन्याचे तुकडे ठरल्याप्रमाणे पाठवावेत. म्हणजे काम गेलं नव्हतं. अण्णांनी देवापुढं साखर ठेवली.

क्षमाच्या वाट्याला आलं ते असं. तुळशीच्या लग्नाला शेजारच्या बायका आल्या. क्षमा डाव्या हातात कुंकवाची कोयरी घेऊन पुढं झाली, तर लतिकाबाईंनी ती हळूच काढून घेतली. “तू आत जाय बेटा. अधू बाईनं, त्यातही डाव्या हातानं, हळदीकुंकू नाही लावत. कुणी नावं ठेवली तर?” फार मायेनं म्हणाल्या. विनता मागच्या खोलीत दूध आटवत होती. क्षमा येऊन तिच्याजवळ पाटावर बसली. त्या खोलीत आता दोघी जेवू लागल्या.

दोन दिवसांनी अण्णा स्वतः त्या खोलीच्या दारात आले. या घरात ही पहिलीच वेळ.

“विनता, उद्यापासून कारखान्यात ये. नमुने करायचे आहेत. अनुपमनं पुरी कोशिश केली, दहा तुकडे खराब झाले. कॅमेरा सगळे नापास करून राहिला.” मग जरा घुटमळून म्हणाले, “मागच्या फाटकानं ये. लोक बोलून राहिले आहेत, तुला तर माहीतच आहे.”

विनतानं गॅस बंद केला. “अण्णा, मशीनवर माझी सावली पडली नं? मग तुकडे नापास नाही होणार?”

“ते बायकांचं बोलणं. मी मानत नाही तसलं काही. मी पुढारलेला माणूस आहे.”

“मग आईंना समोर बोलवा. पुण्याच्या बाईंनाही फोन लावा. सांगा की मशीन मी चालवते, आणि त्या दिवशी मला का कोंडलं होतं तेही सांगा. पुढच्या फाटकानं येते मी.”

“असं कसं सांगता येईल? घराची इज्जत आहे काही.”

“तर मग नाही.”

अण्णांनी असा शब्द या सुनेच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांचा आवाज चढला. “सोच के बोल! या घराबाहेर तुला विचारणारं कोण आहे?”

“कुणी नाही,” विनता म्हणाली. “त्या दिवशी हेच ऐकून थांबले मी. थांबले नसते तर क्षमाचा हात असता. आज नाही थांबत.”

लतिकाबाई मागून आल्याच. “जाऊ दे तिला! दुसरी मुलगी ठेवू पगारावर. मशीन काय हिच्या बापाची आहे?”

मशीन अण्णांची होती, हे खरंच. अशी दुसरी मशीनही येईल, अधिक हुशार कॅमेरा येईल, प्रोग्रामही आपोआप लिहिले जातील. अण्णांनी बदलायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. एक पत्र्याची भिंत आणि तिच्या दारातली खुर्ची सोडून.

विनतानं दोन साड्या, पदविकेचा कागद आणि जाड बूट पिशवीत भरले. ती अंगणात आली तेव्हा अनुपम स्कूटरशी उभा होता. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, “कुठं चालली वहिनी?”

“कारखान्यांची तपासणी करणाऱ्यांच्या कार्यालयात. मशीनचं कुलूप कुणी फसवायला लावलं, बटण कुणी दाबलं, मला कुणी धरून ठेवलं, सगळं लिहून देणार आहे. त्यानंतर नोकरी शोधीन.”

त्याचा चेहरा उतरला. “पण तू एकटी सांगशील. कोण मानेल? बाकी सगळे म्हणतील, मुरलीधरची गलती. नाही तर तुझी.”

ते खरं होतं, आणि विनताला माहीत होतं. ती फाटकाकडं निघाली.

“ताई, थांबा.”

क्षमा पायरीवर आली होती. पदर नीट घेता येत नव्हता म्हणून तिनं तो दातांत धरला होता. तो सोडून ती खाली उतरली. लतिकाबाईंनी मागून हाक मारली, अण्णांनी मारली, नवऱ्यानं तर वाटच अडवली. तिनं नवऱ्याला ढकललं नाही. बांधलेला उजवा हात फक्त त्याच्यासमोर धरला. तो बाजूला झाला.

“त्या बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, ताई,” ती म्हणाली. “तेही लिहून देते.” मग फाटकाशी पोचल्यावर तिनं जरा भीतभीतच विचारलं, “डाव्या हातानं सही केली तर चालते नं तिथं?”