कॉनी डेलरेची तबकडी

शुक्रवारी सकाळी नऊला विक्रीच्या घराचं दार उघडलं तेव्हा अर्लीनच्या हातात रांगेतल्या दुसऱ्या नंबरची चिठ्ठी होती. पहिला नंबर वॉल्ट गेरहार्टकडे. तिथेच तिचा अर्धा धीर खचला.

अमेरिकेतल्या या टोलेडो शहरात म्हातारं माणूस गेलं की घरातलं सगळं सामान असं विकायला निघतं. नियम एकच, पण कडक: हातात असेल ते तुमचं, खाली ठेवलंत की कुणाचंही. वॉल्ट जुन्या रेकॉर्डचा व्यापारी. स्वतःला काय हवं यापेक्षा दुसऱ्याला काय हवं यावर त्याचा डोळा जास्त.

अर्लीनला एकच रेकॉर्ड हवी होती. कॉनी डेलरे, इथल्याच टीव्हीवर शनिवारी संध्याकाळी गाणारी बाई. तिच्या कार्यक्रमाच्या जेमतेम तीनशे तबकड्या निघाल्या. त्यातल्या एका गाण्याआधी ती प्रेक्षकांत उतरते आणि गणवेशातल्या एका पोराला नाव विचारते. तो पोरगा अर्लीनचा भाऊ रॉनी. पुढच्याच महिन्यात तो व्हिएतनामला गेला, तो परत आलाच नाही. घरातली तबकडी अर्लीनच गाडीच्या मागच्या सीटवर उन्हात विसरली; तिचा पार पापड झाला. आई त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. त्या गप्प राहण्याची टोचणी अर्लीनला अडतीस वर्षं पुरली. आता आई शहाऐंशीची, अंथरुणाला खिळलेली. नर्स म्हणाली होती, शनिवार पार पडला तरी खूप.

तळघरात वॉल्टने जॅझ आणि पोल्का नाचाच्या रेकॉर्डचा गठ्ठा काखेत मारला. कव्हरांवरच्या झुळझुळीत झग्यातल्या गायिकांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्या रेकॉर्ड कुणी घेत नाही. अर्लीनने मुद्दाम चार फालतू रेकॉर्ड चाळल्या. मग दिसली कॉनी, हिरव्या झग्यात. तिने कव्हर उचललं, तबकडी अर्धी बाहेर काढली आणि लेबल वाचलं.

आत पोल्का होती.

तिच्या लगेच लक्षात आलं. तेव्हा घरोघरी पाहुणे जमले की यंत्रावर पाच-सहा तबकड्या एकावर एक चढवत, आणि रात्री पेंगुळलेल्या डोळ्यांनी कुठलीही कुठल्याही कव्हरात कोंबत. म्हणजे कॉनी पोल्काच्या कव्हरात. आणि लेबलवरच्याच नावाचं ते कव्हर वॉल्टच्या गठ्ठ्यात, सगळ्यात वर.

"वॉल्ट, ती वरची पोल्का मला देतोस?"

"तू कधीपासून पोल्का नाचायला लागलीस गं?" त्याचे डोळे बारीक झाले. "थांब, थांब. काहीतरी शिजतंय."

त्याने तबकडी बाहेर काढली. रेकॉर्डच्या व्यापाऱ्यांचा हात तबकडीच्या पृष्ठभागाला कधी लागत नाही. दोन्ही तळव्यांत फक्त कडा. त्यासाठी त्याने गठ्ठा खाली ठेवला. तळघरातल्या आणखी दोन गिऱ्हाइकांनी लगेच त्यावर झडप घातली, पण वॉल्टने पाहिलंसुद्धा नाही. तो लेबल वाचत होता.

"कॉनी डेलरे! कव्हर तुझ्याकडे, बाई माझ्याकडे. काय आहे हिच्यात?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. अर्लीनने सगळं सांगितलं.

"मागच्या महिन्यात एकीने मेलेल्या नवऱ्याचं नाव सांगून मला असंच गंडवलं," वॉल्ट म्हणाला. "भाऊ आहे ना? मग ऐकू दे की."

कोपऱ्यात घरमालकाचा जुना रेकॉर्ड-प्लेयर होता. वॉल्टने तबकडी त्यावर ठेवली आणि सुईचा दांडा उचलला. अर्लीनला सुई दिसली. गंजून खिळा झालेली. एकदा फिरली असती तरी रॉनीचा आवाज खरवडून निघाला असता.

तिने दांड्याखाली हात घातला.

"नको! या सुईखाली नको. तूच घेऊन जा, हे कव्हरही घे. घरी चांगल्या सुईवर लाव, मग फोनवर माझ्या आईला ऐकव. एवढंच कर."

तिने कव्हर खरंच त्याच्यापुढे धरलं. तिला रडू कोसळलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

वॉल्ट त्या सुईकडे पाहत राहिला. मग त्याने दांडा जागेवर ठेवला, तबकडी उचलली.

"दोन्ही हातांनी धर," तो म्हणाला. "आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवू नकोस."

दुपारी आईच्या उशाशी तबकडी फिरली; कॉनी हसली, तिने नाव विचारलं. "रॉनी कुबियाक, मॅम," तो म्हणाला. अर्लीनला आजवर तो मोठा दादाच आठवत होता. हा तर मिसरूडही न फुटलेल्या पोराचा आवाज होता. "घरी काही निरोप?" कॉनीने विचारलं. "आई, रविवारी जेवायला येतो."

आईने डोळे उघडले.

"आज वार कुठला?"

"शुक्रवार, आई."

"मग थांबते दोन दिवस," आई म्हणाली. "त्याचं पान मांड."