खंडेनवमीचं यंत्र

बहात्तर साली पाऊस आला नाही, पण आमच्या स्टेशनात यंत्र आलं. सरकार काही ना काही देतंच.

मालगाडीच्या प्रत्येक डब्यावर रंगीत पट्ट्यांची पाटी ठोकलेली. रुळाकडेच्या खांबावरचं यंत्र पाटीवर उजेड टाकणार, डब्याचा नंबर ओळखणार आणि केबिनमध्ये कागदावर छापणार. अमेरिकेत असंच करतात म्हणे.

आमच्याकडं हे काम एकवीस वर्षं लालमहंमद करायचा. गाडीच्या कडेनं चालत वहीत नंबर उतरवायचा. "यंत्र पास झालं की तुझी जागा रद्द," असं स्टेशनमास्तर साहेबांनी त्याला चहा पाजून सांगितलं. साहेब मनाचे मोठे.

चाचणी ठरली नेमकी खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडं पहारीपासून इंजिनापर्यंत सगळ्यांची पूजा होते. यंत्रानं काय पाप केलंय? नारळ खुद्द साहेबांनी फोडला. रुळांच्या गँगमधल्या मुक्ताबाईनं यंत्राच्या काचेवर हळदकुंकवाची पाच बोटं ओढली, चांगली दाबून.

गाडी यंत्रासमोरून येऊन थांबली. केबिनमधला कागद कोरा. साहेब फडकं घेऊन धावले. मुक्ताबाई आडवी आली.

"आजची पूजा आजच पुसत्यात व्हय, सायेब?"

"अगं, त्याला दिसत नाही."

"मग लालभाईला इचारा. त्याला दिसतंय."

तेवढ्यात फोन आला. खर्ड्याच्या दुष्काळी कामावरच्या मजुरांचा मिलोचा, म्हणजे अमेरिकी लाल ज्वारीचा, डबा इथंच गाडीपासून तोडायचा होता. दहा मिनिटांत गाडी मनमाडकडं सुटणार. फोनवर डब्याचा नंबर मिळाला, पण साठ डबे, सगळे एकसारखे. लालमहंमद सवयीनं गाडीकडेनं चालून आला होता. वही त्याच्या काखेत.

"लालमहंमद, सांग की."

"यंत्राला इचारा, सायेब. ते अमेरिकेचं, मी राहुरीचा."

तो गप्प राहिला असता तर यंत्र नापास झालं असतं आणि नोकरी टिकली असती. हे त्याला कळत होतं. साहेबांनाही कळत होतं.

मुक्ताबाई हळूच म्हणाली, "ट्रकवाले दोन दिस बसून हायेत, भाऊ. माणसं उपाशी हायेत तिकडं."

लालमहंमदनं वही उघडली. "मागून अकरावा."

डबा सापडला. साहेबांनी वही मागून घेतली, सगळे नंबर यंत्राच्या कोऱ्या कागदावर टाइप करवले आणि कागद वर धाडला. चाचणी यशस्वी. साहेबांना बढती.

महिनाअखेर लालमहंमदची जागा रद्द झाल्याचं पत्र आलं. कारण लिहिलं होतं: सदर यंत्राचे काम सदर कर्मचाऱ्याच्या कामाइतकेच अचूक आहे.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेब शिकलेले होते ते असे.